नानांची मजुरी

जीप वडिलांनी लिलावात घेतली, पण ती रस्त्यावर आली नानांमुळे, आणि त्या कामाची मजुरी आमच्याकडून अजून दिली गेलेली नाही. आता द्यायची म्हटलं तर घ्यायला नाना नाहीत. होते तेव्हाही ते घ्यायला तयार नव्हते, ही गोष्ट वेगळी. त्यांच्या मते तेच आमचं देणं लागत होते. आमच्या आजीच्या मते देणं आमच्याकडं होतं. दोघांनी आपापली बाजू मरेपर्यंत सोडली नाही, आणि मधल्यामध्ये फायदा माझा झाला.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. जूनमध्ये लागलेला पाऊस इथं गणपतीपर्यंत हटायचं नाव घेत नाही. दाराच्या कड्या, नांगराचे फाळ, सायकलची साखळी, सगळ्याला तेलाचा हात फिरवून मगच पावसाळ्यात शिरायचं, ही इकडची रीत. आणि वडिलांनी आणलेली जीप मात्र फणसाखाली उघड्यावर उभी. टायर, बॅटरी, कागदपत्रं यांच्या पैशांची जुळणी होईपर्यंत तिच्या अंगावरून एकदोन पावसाळे गेले. आजी तेव्हा हयात होती. ती कोंबड्यांना म्हणायची, ‘बसा, तुमच्यासाठीच आणलीय.’

जीप होती सीजे-३बी जातीची, उंच बॉनेटची. विलीज कंपनीनं अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली काढलं. त्यातल्या हरिकेन इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर आले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. देखणी म्हणून ही गाडी कधीच कुणी वाखाणली नाही. पण तिकडं ती बंद पडल्यावरही महिंद्रानं आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं चालवली, आणि सरकारी खात्यांत तर इतकी भरली की खेड्यात ‘जीप आली’ म्हणजे साहेब आला असंच समजायचं. खात्यातून निकालात निघाल्या की या गाड्या लिलावात यायच्या. वडिलांनी घेतली त्यातलीच एक.

१९९८ सालच्या मे महिन्यात, मी बारावीची परीक्षा देऊन घरी मोकळा होतो तेव्हा, ती एकदाची सुरू झाली. इंजिन झकास बोललं. पण गिअर टाकला की मागं खालून ‘टक्’. हळू चालवली की चीं चीं. वेग जरा वाढवला की पायाखालचा पत्रा थरथरायचा, आणि मागं बसलेल्याचे दात. वडिलांनी पाटणच्या बाजूचं एक गॅरेज गाठलं. तिथली दोन पोरं हत्यारं घेऊन घरीच आली, जीपखाली शिरली आणि निदान करून बाहेर आली : मागचा जॉइंट गेलाय.

ज्यांनी कधी गाडीखाली वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिअरबॉक्सच्या बाजूकडून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत एक पोकळ पोलादी नळी जाते, तो प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाची ताकद तो फिरत फिरत मागच्या चाकांकडं नेतो. आमच्या जीपसारख्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पाचाहून जास्त फेरे होतात. म्हणजे ताशी ४० किलोमीटरनं निघालात तर शाफ्ट मिनिटाला दीड हजारांच्या वर गरगरतो. आता मागचा अॅक्सल खड्ड्यागणिक खालीवर होणार, आणि गिअरबॉक्स तर चासीला बांधलेला. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकता वाकता फिरणारे जॉइंट लागतात. जॉइंटच्या पोटात अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा पोलादी क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, त्यांना कप म्हणतात. प्रत्येक कपात सुईसारखे बारीक रोलर कडेनं उभे लावलेले. दोन कप शाफ्टच्या दोन कानांत घट्ट बसवून आतून सुटू नयेत म्हणून बाहेरून लॉक, म्हणजे सर्क्लिप, घातलेली. उरलेले दोन कप डिफरन्शिअलच्या बाजूला यू-बोल्टनं आवळलेले. यू-बोल्टकडचे कप चार नट सोडले की हातात येतात. भांडण असतं ते शाफ्टच्या कानांतल्या कपांशी.

पोरांनी शाफ्ट बाहेर काढला. आमच्या अंगणात नांगराचा फाळ ठोकायला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता, त्यावर तो ठेवला, एकानं धरला आणि दुसऱ्यानं घण उचलला. सकाळभर ठणाठण चाललं. कप हलला नाही. शाफ्टच्या कानाची कड मात्र चेपून बाहेर फुलली. जेवायच्या वेळेला पोरं घामाघूम होऊन बसली आणि म्हणाली, ‘मालक, हा निघत नाही. शाफ्टच बदला. जुन्या बाजारात मिळून जाईल.’ वडिलांनी त्यांना चहा दिला, निम्मे पैसे दिले आणि ते गेल्यावर तुळशीकट्ट्यावर बसून मनातल्या मनात हिशेब करू लागले. वडिलांचे हिशेब आम्हाला ऐकू यायचे नाहीत, पण दिसायचे.

नाना आमच्याच आळीत, चार घरं सोडून राहायचे. कोयना धरणाचं काम सुरू झालं तेव्हा कराडकडून आलेले, अगदी विशीतले. धरणावर डंपर, कॉम्प्रेसर, खोदाईची यंत्रं, जे म्हणून बिघडेल ते दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मूळ गावी न जाता इथंच घर बांधलं. माणूस बुटका, बोलायला सावकाश, आणि कुणाच्या कामात आपणहून तोंड घालायचं नाही अशा स्वभावाचा. त्या दिवशी मात्र ते दुपारचं ऊन उतरायच्या आत आले. हातात रेशनची कापडी पिशवी.

‘सकाळधरनं घण ऐकतोय,’ ते वडिलांना म्हणाले. ‘एवढं मारून बी निघंना, म्हंजी त्यो अडाकल्याला न्हाई. त्याला कुणीतरी धरलंय.’

आधी त्यांनी शाफ्टकडं पाहिलंच नाही. जीपभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, ‘चाकाला दगड लाव. फुडं दोन, मागं दोन.’ मी म्हटलं, ‘नाना, हँडब्रेक ओढलाय.’ ते म्हणाले, ‘कशाला वडलाय? त्यो काय धरतोय आता?’ या जुन्या जीपचा हातब्रेक मागच्या चाकांवर नसतो. गिअरबॉक्सला लागून असलेल्या ट्रान्सफर केसच्या पाठीला एक ड्रम असतो आणि ब्रेक त्याला, म्हणजे पर्यायानं शाफ्टला, धरतो. शाफ्टच काढल्यावर हँडब्रेक ओढणं म्हणजे मनाची समजूत. गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही, कारण गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला. आमचं अंगण ओढ्याकडं उतरतं. सकाळपासून ती जीप फक्त टायरांच्या आळसावर उभी होती.

मग नाना रुळाजवळ पोत्यावर बसले. पिशवीतून रॉकेलची बाटली, जुना टूथब्रश, तारेचा ब्रश आणि पोती शिवायचं दाभण काढलं. कानाचा सगळा गाळ त्यांनी धुऊन काढला. ब्रश मारला, रॉकेल लावलं, फडक्यानं पुसलं, परत ब्रश. मला वाटलं होतं हत्याराचा काही चमत्कार बघायला मिळेल. चांगला पाऊण तास नुसतं घासणं चाललं होतं. शेवटी त्यांनी शाफ्ट उजेडाकडं फिरवला, डोळे बारीक केले आणि दाभण माझ्या हातात दिलं.

‘मला आता बारीक दिसत न्हाई. ह्या कपाच्या कडंनं टोक फिरव. कुठं आडलं तर सांग.’

मी दाभणाचं टोक कपाभोवतीच्या खाचेतून फिरवलं. अर्धा फेरा टोक खाचेत सरळ गेलं आणि मग टक्कन अडलं. पुढं खाच गंजानं भरल्यासारखी दिसत होती. पण टोकाखाली लागत होतं ते गंजाचं नव्हतं, टणक होतं. ती लॉकची अर्धी पट्टी होती. कधीतरी मागं लॉक मधोमध मोडली असणार. सकाळच्या पोरांनी पकडीनं एक तुकडा काढला, लॉक निघाली असं समजून घण उचलला. दुसरा तुकडा गंजाच्या पापुद्र्याखाली खाचेतच होता आणि प्रत्येक घावाला कप त्याच्यावर जाऊन थडकत होता.

वडील म्हणाले, ‘बघा, एवढंही बघितलं नाही त्यांनी.’ नाना म्हणाले, ‘घाई आसती माणसाला. दिवसाला चार गाड्या कराव्या लागत्यात.’ त्या पोरांबद्दल याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

तुकडा काढायची त्यांची तऱ्हा अशी : कपाच्या डोक्यावर बोल्ट ठेवून हातोडीनं एक हलका टोला, आतल्या बाजूला. कप केसभर आत सरकला की लॉकवरचा दाब सुटतो. मग दाभणानं उचकायचं. लॉक निघत नसेल तर आधी कप आत ठोक, हे मला तेव्हा उलटंच वाटलं होतं. निघायचं आहे बाहेर आणि मारायचं आत? पण त्या टोल्यानंतर तो तुकडा दाभणाच्या टोकावर हलला, आणि दोनतीनदा निसटून शेवटी टिंग करून उडाला. फणसाच्या पाल्यात पडला तो सापडेपर्यंत नानांनी मला उठू दिलं नाही. दोन्ही तुकडे रुळावर जोडून ठेवले आणि गोल पुरा होतो की नाही ते बोटानं चाचपून पाहिलं. पुरा झाला. मग म्हणाले, ‘आता गंज तेवढा ऱ्हायला.’

गंजही थोडाथोडका नव्हता. लॉक निघाल्यावरही कप जाग्यावरून हलेना. नानांनी रॉकेल आणि इंजिन ऑइल एकत्र केलं, चिंधी भिजवून कानाभोवती गुंडाळली आणि म्हणाले, ‘रातभर पिऊ दे त्येला.’ काम संपलं होतं, पण ते उठले नाहीत. आईनं चहा आणला. वडिलांनी मजुरीचा विषय काढला, आणि मग ते सांगायला लागले ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या सुमाराला, कोयनानगरला भूकंप झाला. खोऱ्यात सुमारे १८० माणसं गेली, जखमी दोन हजारांवर. धक्का पार मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. नाना तेव्हा धरणाच्या वसाहतीत राहत होते, बायको आणि पाळण्यातली मुलगी. खोलीची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून तिघं वाचली. आत पडली असती तर ही गोष्ट सांगायला कुणी नसतं. त्या थंडीत बायको-पोरीला घेऊन ते खाली खोऱ्यात आले. ओळख फक्त आमच्या आजोबांशी, तीही पाण्याच्या इंजिनाच्या दुरुस्तीपुरती. आजीनं गोठ्यातली अर्धी जागा मोकळी करून दिली. म्हशीचं दूध पोरीसाठी वेगळं काढायला लागली. धक्के पुढं कित्येक दिवस येत राहिले, तोवर ते कुटुंब आमच्यात होतं. ‘काकीनं एकदा बी इचारलं न्हाई, कवा जाणार म्हणून,’ नाना म्हणाले. ‘आन् आता मी तिच्या अंगणात बसून मजुरी मोजून घिऊ?’

आजी वारली होती त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. मला आठवलं की हीच हकिगत मी तिच्या तोंडून ऐकली होती, पण साफ वेगळी. तिच्या सांगण्यात गोठ्याचा विषयच नसायचा. तिचं म्हणणं, आमच्याही घराची मागची भिंत त्या पहाटे खचली होती, आत जायचा कुणाला धीर नव्हता. अशात तो धरणावरचा पोरगा आला, कुठून कुठून वासे गोळा केले, ताडपत्री मिळवली, आणि अंगणात सगळ्यांना पुरेल असा मांडव घातला. भिंतीला टेकू लावला. बंद पडलेलं इंजिन चालू करून दिलं. ‘त्यो नसता तर आपण त्या थंडीत लेकराबाळांसकट उघड्यावर मेलो असतो,’ असं ती म्हणायची. नाना दारावरून गेले की आम्हाला दरडावून सांगायची, ‘त्यांचं खाल्लंय आपण, वाकून नमस्कार करा.’ आम्ही करायचो, आणि नाना अवघडून जायचे. कुणी कुणाला आसरा दिला याचा निवाडा त्या दोघांत कधी झालाच नाही, कारण दोघं समोरासमोर आले की फक्त पावसापाण्याचं बोलायचे. वडिलांना मी विचारलं तर ते तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे असूनही त्यांना आठवत होती ती फक्त म्हैस, धक्का बसायच्या आधी दावं तोडून पळालेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले ते पितळी ब्लो लँप घेऊन. रॉकेलच्या चिंध्या त्यांनी लांब टाकायला लावल्या, कान कोरडा पुसून घेतला, पाण्याची बादली जवळ ठेवली. मग ज्योत कानावर बाहेरून गोल फिरवायला लागले. कपावर नाही, कानावर. भोक तापून पसरलं पाहिजे, कप गारच राहिला पाहिजे. किती तापवायचं, तर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचून उडाला पाहिजे, बस. ‘लाल केलंस की लोखंड मेलं,’ ते म्हणाले. पुढं शिकताना मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. कप साधारण २७ मिलिमीटर व्यासाचा. पोलाद दीडशे अंशांनी तापलं तर तेवढं भोक वाढतं मिलिमीटरच्या विसाव्या भागानं. एवढीच फट. पण गंजाची पकड मोडायला तेवढी पुरते, आणि घणाच्या हजार घावांनी ती मिळत नाही. घणानं कान चेपून भोक उलट लहानच होत जातं.

आमच्याकडं व्हाइस नव्हता, प्रेस तर दूरच. नानांनी पिशवीतून एक इंची पाण्याच्या पाइपचा सॉकेट काढला आणि रुळावर उभा केला. त्यावर शाफ्टचा कान असा टेकवला की खालचा कप बरोबर सॉकेटच्या तोंडावर येईल आणि निघाला तर त्याच्या पोटात उतरेल. वरच्या कपावर त्याच्याहून जरा बारीक डोक्याचा बोल्ट उभा धरला. शाफ्टचं दुसरं टोक वडिलांनी मांडीवर घेतलं, कारण ते लोंबकळलं तर घाव तिरका जातो. आणि मग त्यांनी हातोडा मला दिला.

मी गडबडलो. म्हटलं, ‘नाना, तुम्हीच मारा.’

‘मी बोल्ट धरलाय. माझी बोटं हायत हितं. सरळ मारशील.’

खरं सांगायचं तर मला त्यांचं ऋण वाटतं ते या वाक्याचं. भूकंप, गोठा, मांडव हे सगळं वडीलधाऱ्यांचं. माझ्या वाट्याला आलं ते हे, की आयुष्यभर ज्या बोटांवर पोट भरलं ती बोटं एका माणसानं अठरा वर्षांच्या नवशिक्याच्या हातोड्याखाली ठेवली आणि दुसरीकडं बघत बसला.

पहिल्या दोन घावांना तोच आदल्या सकाळचा खणखणीत आवाज. तिसऱ्याला आवाज बसका आला. नाना म्हणाले, ‘हलला.’ मला काहीच हललेलं दिसलं नव्हतं. आणखी तीनचार घावांनी खालचा कप कानाच्या बाहेर डोकावला, मोजून चारपाच मिलिमीटर, आणि थांबला. कारण आत क्रॉसच कानाला जाऊन टेकला. याच्या पुढं मारायचं नसतं. नानांनी बाहेर आलेली कड पाइप पान्यात धरली आणि पाना डावी-उजवीकडं हलवत, पिळत, तो कप ओढून काढला. मग शाफ्ट उलटा करून क्रॉसच्या उघड्या टोकावर मारत समोरचा कप काढला. तो पहिल्याच्या मानानं निमूट आला.

निघालेला कप मी तळहातावर उलटा केला. आत ग्रीसचा मागमूस नव्हता. तांबूस पूड, आणि त्यात रुतलेले सुयांचे तुकडे. क्रॉसच्या टोकावर त्या सुयांचे ओळीनं खळगे पडले होते, कंगव्यानं ओढावेत तसे. त्यावर बोट फिरवलं की कटकट लागायची. गाडीची थरथर तीच. आणि कारण काय, तर क्रॉसवरच्या ग्रीसच्या निपलवर रंगाचा जाड थर. कधीतरी कुणी गाडी रंगवताना खालूनही फवारा मारला, निपलचं तोंड बुजलं. त्यानंतर ग्रीसगन लावणाऱ्यानं लावली असेल, ग्रीस बाहेरच्या बाहेर सांडलं असेल. आत सुया कोरड्याच मेल्या.

त्या दुपारी नाना दिसले नाहीत. संध्याकाळी एसटीतून उतरले, हातात नव्या जॉइंटचं खोकं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना कप. कराडला जाऊन, माप जुळवून, स्वतःच्या पैशानं आणला होता. वडिलांनी किंमत विचारली. ‘बसू दे आधी,’ म्हणाले. बसल्यावर परत विचारली तर म्हणाले, ‘चालू दे आधी.’ ती किंमत आम्हाला कधीच कळली नाही. खोक्यावर छापली असावी, तर खोकं ते घरी घेऊन गेले.

नवा बसवताना घाई जास्त नडते, असं त्यांचं म्हणणं. कपात ग्रीस भरून सुया कडेनं उभ्या चिकटवायच्या. एक सुई जरी आडवी पडून तळाशी गेली तरी कप पुरता आत जात नाही, लॉकची खाच उघडी पडत नाही. तिथं माणूस पुन्हा हातोडा उचलतो आणि नवा कोरा जॉइंट फोडतो. निपलचं तोंड ग्रीसगन पोचेल अशा बाजूला ठेवायचं. दोन्ही लॉक बसल्या की कानावर बाहेरून दोन हलके टोले, म्हणजे कप लॉकला भिडतात आणि क्रॉस बोटानं फिरतो.

सगळ्यात शेवटी त्यांनी शाफ्टच्या मधल्या सरकत्या जोडावरचा चिखल खरवडला. तिथं दोन बाण होते, एक नळीवर, एक स्लीव्हवर. पोरांनी शाफ्ट काढताना जोड सुटला होता आणि कसाही परत घातला होता. नानांनी तो ओढून काढला, बाणासमोर बाण आणला आणि परत घातला. ‘दोन्हीकडचं कान एका रेषंत पायजेत. न्हाईतर नवा जॉइंट बी नाचतोय.’ का, ते त्यांना सांगता आलं नाही. ‘नाचतोय’ एवढंच त्यांना ठाऊक होतं.

का, ते मला कराडला डिप्लोमाला गेल्यावर कळलं. वाकलेल्या जॉइंटमधून फिरवताना एका बाजूचा वेग एकसारखा असला तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. मागचा जॉइंट पुढच्याच्या रेषेत असेल तर एकानं केलेली गडबड दुसरा निस्तरतो. नसेल तर दोघं मिळून वाढवतात. पुस्तकात त्या जॉइंटचं नाव होतं हूक्स जॉइंट. स्प्रिंगच्या नियमाचा म्हणून जो रॉबर्ट हूक आपण अकरावीत पाठ करतो, तोच. सतराव्या शतकात सूर्य पाहायच्या यंत्राच्या संदर्भात त्यानं या जोडाचं वर्णन केलं. इटलीतला कार्डानो त्याच्याही आधीचा, म्हणून युरोपात बऱ्याच ठिकाणी त्याच्या नावानं ओळखतात. मी सुट्टीला आलो तेव्हा हे सगळं नानांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सूर्य बघायला? मग त्येला चिखुल ठावंच नसंल.’

परतफेडीचे प्रयत्न आम्ही केले नाहीत असं नाही. वडिलांनी दिवाळीला धोतरजोडी नेली, तर आठवड्यात नानांनी आमचा पंप उघडून, साफ करून, बंद करून ठेवला. मी त्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद भरून दिले, बँकेत हयातीच्या दाखल्याला घेऊन गेलो, तर त्या महिन्यात माझ्या सायकलला नवे ब्रेक. हा माणूस देणं अंगावर राहूच देत नव्हता. शेवटी त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला कराडला न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एसटीचा हट्ट धरला होता. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, दटावलं म्हणून जीपमध्ये बसले. येताना एका डोळ्याला पट्टी, तरी सगळा रस्ता मान खाली घालून जमिनीचा पत्रा ऐकत होते. पाटणच्या अलीकडं म्हणाले, ‘मागला झ्याक हाय. फुडला बघ.’ पुढचा जॉइंट खरंच ढिला झाला होता. तो मी एकट्यानं काढला. त्याची लॉक शाबूत होती.

नाना २०११ च्या पावसाळ्यात गेले. त्यांची लेक, आजीच्या म्हशीच्या दुधावर वाढलेली, चिपळूणला असते. दिवसकार्य उरकल्यावर मी तिच्याकडं त्या जॉइंटच्या किमतीचा विषय काढला, अदमासानं काही रक्कम घेऊन गेलो होतो. तिनं पाकिटाला हात लावला नाही. म्हणाली, ‘भाऊ, मी सहा महिन्यांची असताना तुमच्यात राहिले. तेवढं भाडं काढा आधी, मग बघू.’ म्हणजे हिशेब पुढच्या पिढीत गेला आणि तिथंही मिटायची चिन्हं नाहीत.

जीप विकून बरीच वर्षं झाली. रूळ अंगणातच आहे, नानांचा सॉकेट आणि दाभण माझ्याकडं आहे, ब्लो लँप काकूंनी दिला. आसपासच्या कुणाच्या जुन्या गाडीचा जॉइंट अडकला असेल तर शाफ्ट घेऊन या. गाडी घरीच ठेवा, चाकांना दगड लावून. मजुरी पडत नाही, चहा आमच्याकडचा. रॉकेल मात्र येताना बघा कुठं मिळालं तर. आमच्याकडं आता ते मिळत नाही.